लाड आणि लाडावणे

मराठी घरांतून नित्य उच्चारले जाणारे, आणि बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारले जाणारे एक क्रियापद आहे: लाडावणे. 'आजीने नातवाला लाडावून ठेवले आहे,' असे सून म्हणते. 'तुम्हीच त्याला लाडावलेत,' असे पत्नी पतीस ऐकवते. 'मी त्याला लाडावले' हे रूप मात्र आमच्या कानी क्वचितच आले. आपण करतो ते लाड. लाडावणे हे नेहमी दुसऱ्याचे कृत्य. व्याकरणकारांनी कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग सांगितले. या क्रियापदासाठी आरोपाचा चौथा प्रयोग मानावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

या शब्दाचा गोतावळा मोठा. 'लाड' हे नाम सहसा अनेकवचनीच वावरते. 'त्याचा एक लाड केला' असे कोणी म्हणत नाही. लाड करतात तसे ते पुरवतातही. म्हणजे मागणारा आधीच समोर उभा असतो. 'कोड' सोबतीस आले की लाडकोड होतात, आणि 'फाजील' हे विशेषण लागले की घरातले वातावरण पालटते. लाडका म्हणजे प्रिय, लाडिक म्हणजे प्रिय होऊ पाहणारा, आणि लाडीगोडी म्हणजे त्या लाडिकपणाचा व्यवहारात केलेला उपयोग. 'लळा' याहून निराळा. लाड करता येतात. लळा लागावा लागतो. लाडांचा अतिरेक झाला की मूल शेफारते, आणि शेफारलेल्यास कोणी अटकाव केला नाही की ते सोकावते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, या म्हणीने तर प्रत्यक्ष काळालाही या पंक्तीस बसवले आहे.

आपली माणसे जेथे जेथे वसली, तेथल्या शेजारभाषांनीही या भावनेसाठी शब्द राखून ठेवलेले आढळतात. बडोद्याच्या मराठी घराशेजारी गुजराती आई 'लाड लडावते'. बेळगावास कानडी शेजारीण लेकराला 'मुद्दु' करते. पण आमचे मन बसले आहे ते कोंकणी शब्दावर. मराठीत 'अपूर्वाई' म्हणजे नवलाई, पु. ल. देशपांडे यांनी 1960 साली आपल्या परदेशप्रवासाच्या पुस्तकाला हेच नाव दिले. कोंकणीत तोच शब्द 'अपुरबाय' होऊन मायेच्या अंगाने गेला. तेथे भुरग्याची अपुरबाय करतात. रोजच्या माणसाकडे पूर्वी कधी न पाहिल्यासारखे पाहणे, म्हणजे लाड. याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

आणि आपल्या समाजात सर्वांत अधिक लाड होतात ते देवाचे. नवरात्रात गोव्याच्या देवळांतून देवाला सजवलेल्या मखरात बसवून वाद्यांच्या गजरात झुलवतात. म्हार्दोळच्या श्री म्हाळसेची जायांची पूजा तर सर्वश्रुत आहे. पुष्टिमार्गी हवेलीत बाळकृष्णाची दिवसातून आठ वेळा सेवा होते, खेळणी मांडतात, आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून पुढ्यात शेगडी ठेवतात. पंढरपुरास उन्हाळ्यात विठ्ठलाच्या अंगाला चंदनाची उटी लावतात. वारीच्या दिवसांत तेथे देवाचा पलंग काढलेला असतो. दर्शन अहोरात्र चालते, देव निजत नाही. टेकण्यापुरता लोड काय तो पाठीशी असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, आणि शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात.

या काढ्यापाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. 'पाय दुखतील, उभा राहू नकोस,' असे पांडुरंगास कोणीही म्हटले नाही. लक्षावधी भक्त येणार, तोवर त्याने विटेवर उभे राहायचे, लाड मागाहून. शिवाय या लाडांचे कष्ट करणारा पडतो तो लाड करणाराच. पहाटे काकडआरतीस उठायचे त्याने, चंदन उगाळायचे त्याने, आणि रात्री शेजारती होईतो जागायचे तेही त्यानेच. घरगुती लाडावण्यात हा क्रम नेमका उलटतो. तेथे शीण होण्यापूर्वीच काढा तयार असतो.

'तळहाताच्या फोडासारखे जपणे' हा वाक्प्रचार आपण कौतुकाने वापरतो. पण तळहातावर फोड असला की तो हात कामास लागत नाही, हेही त्यात आलेच. उत्सवात आम्ही पाहतो. पंगत वाढायला मुलगा उठला की कोणीतरी म्हणते, 'असू दे, भाजेल.' पालखीला खांदा द्यायला पुढे झाला की, 'अजून लहान आहे.' पहाटेच्या फुलांना तर परीक्षा, थंडी आणि सर्दी यांची कायमची आडकाठी. लालनाला पाच वर्षे, शिस्तीला दहा, आणि सोळाव्यानंतर मैत्री, अशी वाटणी जुन्या सुभाषितात आहे. आता पहिला हप्ताच सोळापर्यंत लांबला आहे. आज वाढणारे हात सत्तरीला टेकले आहेत. पुढे ते भांडे कोण उचलणार?

जे मुलाचे, तेच भाषेचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या कितीतरी घरांत मराठी आता पैठणीसारखी जपली जाते: गणेशोत्सवात, कीर्तनात, एखाद्या नाटकात बाहेर काढायची आणि घडी मोडू न देता पुन्हा ठेवायची. मुलाला आरती तोंडपाठ असते, पण आजोबांचे जुने पत्र वाचता येत नाही; कारण 'आणखी एका लिपीचा भार कशाला?' ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा मान मोठाच. पण ज्या भाषेत घरचे हिशेब, भांडणे आणि निरोप होत नाहीत, तिला मान मिळून काय साधणार? मुलाने मराठी चुकत बोलावी, हिंदी-गुजराती शब्द मिसळून बोलावी, वेडीवाकडी लिहावी. वापराने भाषा मळते, हे खरे. पण मळलेले धुता येते, पेटीत विरलेले सांधता येत नाही.

म्हणून येत्या उत्सवासाठी आमचे एवढेच सांगणे. घरातल्या मुलाच्या हाती वरणाचे भांडे द्यावे आणि 'वाढू का?' हे त्याने मराठीत किंवा कोंकणीत, पण आपल्या तोंडाने विचारावे. चार थेंब सांडतील, कोणाच्या तरी धोतरावर डाग पडेल. रात्री तो दमून आला की मग त्याचे पाय चेपावेत, दूध द्यावे, हवे तितके कोड पुरवावे. त्या लाडांना फाजील म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.