शाकारणी

"तू तिथे नक्की करतोस तरी काय रे?" हा आईचा फोनवरचा ठरलेला प्रश्न. इस्पितळातल्या दोन-तीन हजार कॉम्प्युटरांवरचे ब्राउझर मी सांभाळतो, हे तिला कसं समजवायचं?

एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "फायरफॉक्स नावाचा ब्राउझर आहे. २०११ पासून मोझिला त्याची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी काढू लागली. घरी ठीक आहे. पण आमची नर्स ज्या पडद्यावर औषधं बघते, तोच नव्या आवृत्तीत उघडला नाही तर? एक आवृत्ती तपासून होते न होते, तोवर पुढची दारात! मोठ्या संस्थांनी ओरड केली, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी लांब मुदतीची आवृत्ती काढली. तिला 'ईएसआर' म्हणतात. साधारण वर्षभर तिच्यात नवं काही घालायचं नाही, सुरक्षेची भोकं तेवढी बुजवायची."

आई म्हणाली, "म्हणजे शाकारणीच की! पावसाआधी फुटकी कौलं बदलायची, घर तेच." आणि वर म्हणाली, "पण वासा कुजला की शाकारून भागत नाही हो!"

तेव्हा मी हसलो होतो. आमची एक्स-रे बघायची जुनी सिस्टिम जावा प्लगइनवर चालायची. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीत ते बंद झालं. ५२ च्या ईएसआरमध्ये मात्र चालू राहिलं. आम्ही निर्धास्त! मे २०१८ मध्ये ६० ची ईएसआर आली, तिच्यात जावा नव्हतं, आणि सप्टेंबरात ५२ ची मुदत संपणार होती. वर्षभर आयतं मिळालेलं, ते आम्ही झोपून घालवलं. नवी सिस्टिम लागली ती मुदत उलटून दोन आठवड्यांनी. तेवढे दिवस एकही दुरुस्ती न मिळणाऱ्या ब्राउझरवर डॉक्टर रोग्यांचे एक्स-रे बघत होते. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. नशिबाने काही झालं नाही.

लांब मुदत म्हणजे कायमची मुदत नव्हे, ती वासे बदलायला दिलेली सवड असते. आता नवी ईएसआर आली की तिची शेवटची तारीख मी त्याच दिवशी कालनिर्णयवर लिहून ठेवतो.

आई अजून विचारते, "झाली का रे शाकारणी?"

"झाली. आणि यंदा वासेही बघितले."