लॉकवायर

विमानाच्या कितीतरी बोल्टांच्या डोक्याला आरपार बारीक भोक असतं. त्यातून स्टीलची तार ओवतात, तिचे दोन पदर एकमेकांभोवती पिळतात आणि शेजारच्या बोल्टाशी अशा बाजूने बांधतात की एक सैल व्हायला निघाला तर दुसरा आणखी आवळला जावा. टोक आत वळवून ठेवायचं, नाहीतर नंतर तिथे हात घालणाऱ्याचं बोट फाटतं. एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. हिला लॉकवायर म्हणतात. मला हे प्राथमिक शाळेतच ठाऊक होतं, कारण दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतातल्या मोटरपंपालाही बाबांनी अशीच तार लावली होती.

बाबा हवाई दलात फिटर होते. चेन्नईजवळच्या तांबरमला शिकले, पठाणकोटला मिग-21 वर हात बसला, आणि नोकरीची शेवटची वर्षं नाशिकजवळच्या ओझरला, 11 बेस रिपेअर डेपोत गेली. लढाऊ विमानं पार उघडून, तपासून, पुन्हा उडण्याजोगी करून देणारा हा डेपो. तिथून ते मास्टर वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले. हाताखाली बरीच पोरं होती. त्यातली काही पुढे आमच्या घरी येत, आईच्या हातची झुणका-भाकर खात आणि बाबांसमोर बोलताना आपसूक ताठ बसत.

सुट्टीवर येताना ते मुर्तिजापूरला उतरून शकुंतला धरायचे. 1994 पर्यंत त्या नॅरोगेज गाडीला वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं. गाडी थांबली की बाबा प्रवाशांसारखे फलाटावर फिरत नसत, इंजिनाशी जाऊन उभे राहत. ड्रायव्हरशी त्यांची ओळख होती. आवाजाच्या सुमारे दुप्पट वेगाने जाणाऱ्या यंत्रात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला त्या संथ इंजिनाबद्दल केवढा आदर होता! म्हणायचे, कुणीतरी रोज तेल घालतंय म्हणून ते चाललंय.

घरी आले की दुसऱ्याच दिवशी विहिरीवर. पंपाच्या बोल्टांना त्यांनी हाताने फिरवायच्या ड्रिलने भोकं पाडून घेतली होती. आजी काठावर बसून बघायची. “कायले एवढी तार पिळून रायला, बाप्पा? पंपच हाये ना थो?” बाबा मान वर न करता सांगत, “माय, घाव बसून काही ढिलं नाही होत. हादऱ्यानं होते. कोनाले दिसतबी नाही.”

तार मात्र सरकारी नव्हे. नागपूरला इतवारीत जाऊन ते स्वतःच्या पैशाने रीळ आणत आणि पावती रिळाच्या पोकळीत गुंडाळून ठेवत. कुणी विचारणार नव्हतं, तरी ठेवत. त्या तारेने आमच्या घरातलं काय काय धरून ठेवलं होतं, ते मला मोठेपणी मोजता येईना. आईच्या शिलाई मशीनचं पायडल, धाकट्या बहिणीच्या सायकलचा कॅरिअर, पाळण्याच्या कड्या. पाळण्याची तार तर बाळ घरी यायच्या आधी लागलेली असे. बाबा दूर असताना आम्ही झोके घेत होतो, आणि वर नजर गेली की ती चकचकीत वेणी दिसे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची एक रीत. विमानाचं महत्त्वाचं काम एकाने केलं की दुसऱ्याने तपासायचं. करणाऱ्याने स्वतःच स्वतःला बरोबर म्हणायचं नाही. दोघांच्या सह्या कागदावर येतात, मग विमानाच्या नोंदवहीत, ज्याला ते नुसतं ‘सातशे नंबर’ म्हणत, वैमानिक सही करून जबाबदारी घेतो आणि शिडी चढतो. घरी हा दुसरा माणूस म्हणजे आई. काम संपलं की बाबा हात पुसून बाजूला सरकत आणि हाक मारत, “बघून घ्या.” आई पदर खोचून वाकायची, प्रत्येक पिळावरून बोट फिरवायची. तिने नाही म्हटलं की बाबा तार कापून नव्याने घालत. वाद नाही. हाताखालच्या पोरांवर हुकूम चालवणारा माणूस बायकोच्या बोटाखाली आपलं काम ठेवून शांत उभा राहायचा. वर्षातले दहा-अकरा महिने शेत, सासू, आमच्या शाळा, कापसाची गाडी हे सारं ती एकटीने बघत होती. त्याची किंमत त्यांना कळली होती, हे मी तिथे, त्या विहिरीवर पाहिलं.

त्यांच्या ट्रंकेत हरजिंदर सिंगांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. 1930 च्या दशकात हवाई शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस पुढे एअर व्हाइस मार्शल झाला, मेंटेनन्स कमांडचा प्रमुख झाला. त्याच्या देखरेखीखाली कानपूरला बांधलेलं अ‍ॅव्रो विमान 1961 मध्ये उडालं. वैमानिकांची नावं लोकांना माहीत असतात. हे नाव आमच्याकडे किती जणांना माहीत आहे? मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तर आपल्या नागपुरात, वायुसेनानगरला. विदर्भातल्या शाळांमधून मुलांना हरजिंदर सिंग सांगायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ने हवाई दलाचा निरोप घेतला. सहा दशकांहून जास्त सेवा. बाबा तोवर गेले होते. टीव्हीवर वैमानिक दिसत होते, मी मात्र धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या तंत्रज्ञांकडे पाहत होतो.

त्याच वर्षीच्या रब्बीत विहिरीवरचा पंप जळाला. दारव्ह्याच्या मिस्त्रीने रिवाइंडिंगसाठी नेताना बाबांची तार कापली, कापावीच लागते. पंप परत आल्यावर मी त्यांच्याच रिळातून नवी घातली. आई आता काठी घेऊन चालते. तरी ती बांधावरून विहिरीपर्यंत आली, चष्मा मागितला, एकेक बोल्ट बघितला. तिसऱ्यापाशी थांबली.

“हे टोक आत घे. उद्या गडी हात घालील इथं.”

मी पक्कड घेतली. तिने पुन्हा बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “हं. दाब बटन. गव्हाला पाणी पाहिजे.”