दुनळीचे माहेर

तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची दुनळी बंदूक असेल. राखणीसाठी कधीतरी घेतलेली, वर्षानुवर्षे परवान्यावर चालत आलेली. तिच्यावर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात आणि घरातली वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात, "ही विलायती आहे." विलायती म्हणजे नेमकी कोणत्या गावची? कोणत्या सालची? आणि आज तिच्यातून बार काढला तर नळी टिकेल की फुटेल? पहिले दोन प्रश्न हौसेचे आहेत. तिसरा मात्र हाताच्या बोटांचा आणि डोळ्यांचा आहे. गंमत अशी, की तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात पहिल्या दोहोंतूनच होते. म्हणून आज तुम्हांला या बंदुकांच्या माहेरी घेऊन जाणार आहे.

ते गाव म्हणजे इंग्लंडमधले बर्मिंगहॅम. माझी मुलगी नोकरीनिमित्त तिथे असते. तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा इतर मंडळी बाजारहाट करीत आणि मी या गल्ल्या धुंडाळीत असे.

गावाच्या मध्यावर न्यू स्ट्रीट नावाचे मोठे रेल्वे स्टेशन आहे. तिथून पूर्वेला चालत निघालात, की पंधरा-वीस मिनिटांत डिगबेथ भागात पोचता. जुन्या विटांच्या वखारी, डोक्यावरून जाणारा रेल्वेचा पूल, जवळच संथ पाण्याचा कालवा. एका बाजूला नव्या वेगवान रेल्वेच्या स्टेशनाचे प्रचंड काम चालू आहे. तिथेच बॅनबरी स्ट्रीटवर एक लाल विटांची दुमजली इमारत आहे. दारावर ढाल, भाले, निशाणे असा शस्त्रांचा संभार दगडात कोरलेला, आणि खाली लिहिले आहे, की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन, सन 1813. हे बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस, म्हणजे बंदुकीच्या नळ्यांची कसोटी घेण्याचे ठिकाण. दोनशेहून अधिक वर्षे हे काम याच इमारतीत चालू आहे. शेजारच्या रेल्वे जंक्शनलासुद्धा याच इमारतीचे नाव पडले आहे.

आत जायचे तर आधी कळवून, वेळ ठरवून जावे लागते. तिथले काम ऐकायला सोपे आहे. नळीत नेहमीच्या काडतुसापेक्षा मुद्दाम जास्त जोराचा बार भरायचा, बंद खोलीत बंदूक पक्की बांधायची, माणसाने बाहेर थांबायचे आणि दुरून चाप ओढायचा. नंतर नळी आतून-बाहेरून तपासायची, मोजायची. कुठे फुगली नाही, चिरली नाही, तरच तिच्या बुडाशी शिक्का मारायचा. शिक्का नसलेली किंवा शिक्क्याच्या मापात न राहिलेली बंदूक विकणे हा त्या देशात गुन्हा आहे. लंडनमध्ये असेच दुसरे प्रूफ हाऊस आहे, तिथल्या बंदूककारांच्या मंडळाला 1637 साली राजाची सनद मिळाली होती. आपण बियाण्याच्या पिशवीवर प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी पाहतो ना, तसेच हे. फरक इतकाच, की चिठ्ठी हंगामानंतर फाटून जाते आणि लोखंडावरचा ठसा सव्वाशे वर्षांनीही वाचता येतो.

आता हा ठसा कुठे पाहायचा ते सांगतो. बंदूक रिकामी आहे याची परवानाधारकाने स्वतः दोनदा खात्री करून नळ्या दस्त्यापासून उतरवल्या, की नळ्यांच्या बुडाशी खालच्या अंगाला एक सपाट जागा दिसते. दस्ता जोडलेला असताना ती झाकलेली असते, म्हणून कित्येक घरांत ती कोणी पाहिलेलीच नसते. वरच्या पट्टीवर जे ठळक नाव असते त्यावर फार विसंबू नका. ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते. मुंबई-कलकत्त्याची दुकाने बर्मिंगहॅमहून माल मागवीत आणि आपले नाव कोरून घेत. खरी जन्मपत्रिका खाली असते.

बर्मिंगहॅमच्या जुन्या खुणेत दोन राजदंड एकमेकांवर तिरके ठेवलेले, वर मुकुट आणि बाजूला बी, पी, सी ही अक्षरे असतात. दुसरी तशीच खूण, पण तिच्यात फक्त व्ही हे अक्षर, म्हणजे नळी नजरेखालून गेली. या खुणा 1813 पासून 1904 पर्यंत चालल्या. 1904 नंतर राजदंड गेले आणि मुकुटाखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरे आली. आधुनिक, धूर न करणाऱ्या दारूसाठी कसोटी झाली असेल तर मुकुटाखाली एनपी अशी अक्षरे दिसतात. ही दोन अक्षरे नीट लक्षात ठेवा. शिवाय चौकटीच्या पत्त्यासारख्या चौकोनात 12 हा आकडा आणि सी अक्षर असेल, तर बंदूक 1887 च्या नियमांनंतरची.

बारा म्हणजे काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. पौंडभर शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बाराबोअर. पिठाच्या उंड्याचे जितके जास्त गोळे कराल तितका एकेक गोळा लहान, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. बाराबोअरचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो.

प्रूफ हाऊसपासून गावाच्या उत्तर अंगाला गेलात, की बंदूककारांची जुनी वस्ती लागते. स्टीलहाऊस लेन, व्हिटॉल स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट. एके काळी इथे घरोघर हेच काम चाले. आपल्याकडे बैलगाडी करताना सुतार चाक करतो, लोहार धाव चढवतो, तशी इथे एका बंदुकीमागे कितीतरी हातांची वाटणी होती. एक जण नळ्या घडवी, दुसरा आतून कातून काढी, तिसरा दोन नळ्या पट्टीने जोडी, चौथा घोडे आणि कमानी करी, पाचवा अक्रोडाचा दस्ता बसवी, मग नक्षीवाला, मग रंग देणारा. अर्धवट झालेली बंदूक एका पडवीतून दुसऱ्या पडवीत फिरत फिरत पुरी होई. 1875 साली याच गावातल्या अँसन आणि डीली या दोघांनी घोडे आत लपवलेली रचना काढली. आज बिनघोड्याच्या बहुतेक दुनळ्यांचा सांगाडा त्याच वंशातला आहे.

या वस्तीचा सगळाच इतिहास गौरवाचा नाही. अठराव्या शतकात इथल्या हलक्या बंदुका जहाजे भरभरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे गुलाम म्हणून विकली गेली. कारागिरी पाहून हरखताना एवढे ध्यानात असू द्यावे.

तुमच्या अंगणात बीएसए सायकल उभी असायची का? ती अक्षरे म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. इथल्या बंदूककारांनी 1861 साली एकत्र येऊन काढलेली ही कंपनी पुढे सायकली आणि मोटारसायकली करू लागली, आणि तिच्या खुणेत एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका राहिल्या. बुलेट गाडीचे रॉयल एनफील्डही जवळच्या रेडिच गावचे, आणि तिचे नाव एनफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्यावरूनच आलेले.

आज वस्तीचा बराच भाग राहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर गावाभोवती रुंद वळणरस्ता काढताना गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या गेल्या. उंच इमारती आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. तरी प्राइस स्ट्रीटच्या बाजूला जुन्या विटांच्या कार्यशाळा दिसतात आणि थोडे कारागीर अजून काम करतात. अशाच एका वयस्क कारागिराला मी बरोबर नेलेली छायाचित्रे दाखवली.

ती होती आजरा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या दुनळीची. घरच्या आजोबांनी ती 1962 साली जुनीच विकत घेतली होती. घरात अशी समजूत, की ती संस्थानच्या शिकारखान्यातली. आजोबा वारल्यावर रीतसर अर्ज होऊन परवाना मुलाच्या नावावर झाला. डोंगराच्या कडेची जमीन, ऊस, भात आणि थोडा भुईमूग. रानडुकरांनी दोन वर्षे सळो की पळो करून सोडलेले. घरातल्या तरुण नातवाने ठरवले, की कोल्हापूरहून नवी काडतुसे आणायची, बंदूक फणसाच्या झाडाला बांधायची, चापाला दोरी लावून एक बार काढून बघायचा, आणि टिकली तर रात्री हवेत बार काढून डुकरे पिटाळायची. मला म्हणाला, "साहेब, एक बार टिकला म्हणजे झालं की." आजींचे म्हणणे, "मालकांनी इतकी वर्सं बार काढलं सायेब, कवा काय झालं न्हाई."

कारागिराने भिंगातून छायाचित्रे पाहिली. तिरके राजदंड होते, चौकोनातले 12 आणि सी होते, पण एनपी नव्हते. म्हणजे बंदूक 1887 ते 1904 यांमधली, बर्मिंगहॅमची आणि फक्त काळ्या दारूसाठी कसलेली. नक्षी अगदी बेताची. राजघराण्यासाठी मुद्दाम केलेली नव्हे, कामाला घेण्याची साधी बंदूक. नळ्यांवर तपकिरी लाटा दिसत होत्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या सुंभासारख्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेल्या या नळ्या. यांना दमास्कस म्हणतात. दिसायला फार सुरेख. पण अशा नळीत वितीगणिक सांधा असतो, आणि सांध्यात आतून गंज शिरला तर बाहेरून पत्ता लागत नाही. एवढे सांगून तो थांबला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की चित्रावरून जन्म कळतो, प्रकृती कळत नाही. ती नळी हातात घेऊन मोजल्यावरच कळेल.

काळी दारू आणि आजची बिनधुराची दारू यांतला फरक समजून घ्या. काळी दारू भरभर धूर करते आणि तिचा दाब एका ठरावीक रीतीने वाढतो. त्या काळच्या नळ्या त्याच हिशेबाने कसलेल्या. आजच्या काडतुसांत ती दारू नसते. दुसरी गोष्ट लांबीची. जुन्या पुष्कळ दुनळ्यांचे घर अडीच इंची, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटर काडतुसाचे. आज दुकानात सर्रास मिळते ते 70 मिलिमीटरचे. आणि खरा घात इथे आहे, की ते जुन्या घरात बसते! दुमडलेल्या तोंडामुळे भरताना ते आखूड असते. बार होताना तोंड उलगडते, पुढच्या अरुंद भागात शिरते, वाट आवळली जाते आणि दाब एकदम चढतो. म्हणजे काडतूस सहज बसले याचा अर्थ ते त्या बंदुकीचे, असा होत नाही.

झाडाला बांधून पाहण्याच्या रीतीबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. प्रूफ हाऊसमध्ये जोराचा बार काढल्यावर खरे काम सुरू होते ते मोजमापाचे. नळी केसाएवढी फुगली तरी तिथे सापडते. फणसाखाली काय सापडणार? पहिल्या बाराने फुगलेली नळी दुसऱ्या बाराला फुटेल, आणि तेव्हा ती झाडाला नव्हे, पोराच्या खांद्याला असेल. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करणे किंवा कसोटी घेणे हाही गुन्हा आहे.

परत आल्यावर परवानाधारक मुलाने बंदूक कोल्हापूरच्या एका परवानाधारक कारागिराकडे नेली. मीही गेलो होतो. त्याने नळ्या उतरवून एका बोटावर टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. चांगली जोडनळी घंटेसारखा लांब नाद देते. बाजारात माठ घेताना तुम्ही वाजवून पाहता, तेच हे. इथे आवाज बद्द आला. मधल्या पट्टीचा डाख सुटला होता. उजेडाकडे धरल्यावर उजव्या नळीत बारीक खड्डे दिसले, आणि डाव्या नळीत काडतुसाच्या घराच्या वीतभर पुढे एक खोल काळा डाग, बार काढताना बरोबर डावा हात असतो तिथे. घर मोजले, ते अडीच इंचीच निघाले. आजऱ्याचा पाऊस आणि काळ्या दारूची राख यांनी मिळून इतक्या वर्षांत हे केले होते. आजोबांच्या काळात ती चालली, हे आजींचे म्हणणे खोटे नव्हते. पण गंज दर पावसाळ्यात थोडा थोडा खात असतो.

तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर नळ्यांवरच्या खुणा कागदावर उतरवून घ्या, घासून मात्र काढू नका. पॉलिशच्या नादात ठसे जातात आणि नळी आणखी पातळ होते. परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात लपवून ठेवू नका, पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाने अर्ज करावा. जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. कायद्यातली सूट चालूच न शकणाऱ्या शस्त्रांना आहे, आणि ते आपण घरच्या घरी ठरवायचे नसते. आणि रानडुक्कर मारायचे असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आधी वनखात्याची परवानगी हवी. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र पंचनाम्यासाठी लगेच करावा.

आजऱ्याच्या त्या घरात आता दोन मते आहेत. मुलाला जुनी बंदूक काढून टाकून नवी भारतीय बनावटीची घ्यायची आहे. ती रीतसर कायमची निकामी करून घेऊन घरात ठेवावी, असे मी सुचवले. आजींना तेही पटत नाही. नळीला भोक पाडलेले त्यांना बघवणार नाही, असे त्या म्हणतात. बंदूक सध्या कोल्हापूरच्या दुकानात जमा आहे. ऊस अजून उभा आहे आणि नातू रात्री मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो.