खूण बरोबर, फेरी चुकली

मोटरसायकल दोन तऱ्हांनी बिघडते. एक बिघाड झिजेतून येतो. तो इतका हळू येतो की त्याचा पत्ता लागेपर्यंत आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते. दुसरा येतो तो घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीनंतर. कालपर्यंत चालणारी गाडी आज किक घेत नाही, किंवा घेतली तर हेडमधून टकटक करते. लोक या दुसऱ्या बिघाडाला फार घाबरतात आणि 'उगाच हात लावला' म्हणत पाना कायमचा खाली ठेवतात. मला मात्र हाच बिघाड मोलाचा वाटतो. शोधायची जागा त्याने आधीच आखून दिलेली असते. हात शेवटचा जिथे पोचला, तिथे.

बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, आर्टिस्ट व्हिलेजच्या एका अंगणात हे मी जवळून पाहिलं. शेजारच्या मुलाने वडिलांच्या जुन्या शंभर सीसी गाडीचे टॅपेट स्वतः सेट केले. आधी जो आवाज जेमतेम ऐकू येई, तो आता शिवणयंत्रासारखा येऊ लागला, आणि पारसिकच्या चढावर गाडी उचलेना. "काका, खूण तर मी बरोबर लावली होती," तो सांगत होता. आणि ते खरंच होतं.

टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली मोकळी जागा, हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला हिशेब. इंजिन थंड हवं, मॅग्नेटवरची 'टी'ची खूण जुळलेली हवी. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका चक्रासाठी क्रँक दोनदा फिरतो, त्यामुळे ही खूणही दोनदा समोर येते. एकदा पिस्टन मिश्रण दाबत वर आलेला असतो. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉकर मोकळे. दुसऱ्यांदा तो जळलेला वायू बाहेर ढकलत वर येतो. तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो, इनटेक उघडू लागलेला असतो आणि दोन्ही रॉकर कॅमने किंचित दाबून धरलेले असतात. या वेळी फिलर गेज आत शिरतच नाही. वाटतं, टॅपेट फारच घट्ट आहेत. मग स्क्रू सैल होतो, गेज सरकतं, नट आवळला जातो. कॅम पुढे सरकला की तीच फट कितीतरी पट मोठी होते. रॉकर व्हॉल्व्हवर आपटू लागतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि इंजिनाचा श्वास तोकडा पडतो.

म्हणजे डोळ्यांना जे दिसलं, त्याच्याशी त्या मुलाने इमान राखलं होतं. फक्त फेरी चुकली होती. मग प्लग काढून त्याने भोकावर बोट ठेवलं आणि मॅग्नेट पान्याने हळूहळू फिरवला. आतल्या हवेने बोट ढकललं तसा तो थबकला. त्यानंतर खूण जुळवली. रॉकर बोटांनी हलवून पाहिले, तर दोन्ही किंचित खुळखुळले. परीक्षेसाठी पाठ केलेलं कॉम्प्रेशन त्या संध्याकाळी त्याच्या बोटाला कळलं. गॅरेजमधून नीट होऊन आलेल्या गाडीने त्याला हे कधीच दिलं नसतं.

आर्टिस्ट व्हिलेज वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी उभं केलं. छोट्या अंगणाभोवती सात-सात घरं, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढेल, पैसा हाताशी येईल, तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, हा त्यामागचा विचार. पुढे मजले चढले, उतरती छपरं गेली, कित्येक घरांचं मूळ रूप राहिलं नाही. त्यावर हळहळणारे भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. राहणाऱ्याचा हात लागणार हे धरूनच जे आखलं, ते हात लागल्याने बिघडलं असं कसं म्हणावं? टॅपेटचा स्क्रूही तिथे कुणाचा तरी हात येणार, हे मानूनच ठेवलेला असतो.

नव्या गाड्यांत मात्र हाताला जागा कमी होत चालली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे प्रदूषणविषयक नियम लागू झाले. बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. हवेसाठी ते हवंच होतं. सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. माझं दुःख निराळं आहे. यंत्र अधिक गुंतागुंतीचं होतं तेव्हा त्याची माहिती मालकासाठी अधिक खुली व्हायला हवी, आणि घडतं आहे ते उलट. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचाही समावेश आहे. पाऊल चांगलं आहे, पण मला त्याहून साधी गोष्ट हवी आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर मराठीत, आकृत्यांसह, खरीखुरी वर्कशॉपची पुस्तिका मिळावी. कुठला नट किती आवळायचा, दिवा लुकलुकला तर कोणता सेन्सर तपासायचा, आणि 'टी'ची खूण दोनदा येते, त्यातली कुठली धरायची, हे तीत स्पष्ट छापलेलं असावं.