मिसिरलू आणि मामांचा बेंजो

'पल्प फिक्शन' (१९९४) ज्यांनी पाहिलाय त्यांना सुरुवातीची ती गिटार आठवत असेल. हॉटेलात लुटालूट सुरू होते, चित्र थिजतं आणि मशीनगनसारखी गिटार सुटते. तो तुकडा म्हणजे 'मिसिरलू'. वाजवणारा डिक डेल, साल १९६२. सर्फ रॉक नावाच्या प्रकाराचा हा जणू मूळपुरुषच. सिनेमा पाहिला नसेल तर ब्लॅक आइड पीजचं 'पंप इट' तरी ऐकलं असेल. त्यातली गिटार इथूनच उचललेली.

सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवरून घसरणं. आमच्या भडगावला समुद्र नाही, गिरणा आहे. उन्हाळ्यात तिलाही पाणी दिसतं ते वरच्या धरणाचं आवर्तन सुटलं की. तरी हा तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कॅलिफोर्निया आठवलाच नाही, गावातली लग्नाची वरात आठवली. का, ते बरेच दिवस कळत नव्हतं.

एक कारण सोपं आहे. डेलचं खरं नाव रिचर्ड मन्सूर, वडील लेबनॉनी वंशाचे. मिसिरलू त्याची रचना नव्हेच. पूर्व भूमध्य भागातलं ते जुनं गाणं, १९२७ मध्ये ग्रीक भाषेत ध्वनिमुद्रित झालेलं. नावाचा अर्थ इजिप्तची मुलगी. (मिस्र हा शब्द आपल्यालाही परका नाही.) आणि सूर? कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, शुद्ध नी. म्हणजे आपला भैरव थाट! राग भैरव नव्हे हं, नाहीतर जाणकार लोक पत्रं पाठवतील. रे-धवरचं ते आंदोलन इथे नाही. डेल सकाळच्या त्या शांत सुरांना अक्षरशः पळवत नेतो.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. डेल स्वतः सांगायचा की एका श्रोत्याने त्याला विचारलं, अख्खं गाणं एकाच तारेवर वाजवशील का? तेव्हा त्याला ऊद वाजवणारा काका आठवला आणि त्याने हेच गाणं घेतलं. एकच तार, डावा-उजवा झपाट्याने आघात, आणि सूर त्या तारेवर वरखाली सरकतोय. आता सांगा, हे कोणतं वाद्य झालं? आपला वरातीतला बेंजो!

बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचा नावापुरताच संबंध. मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झालेलं. त्याची बटणं टाइपरायटरसारखी. मुख्य तारा सगळ्या एकाच सुरात लावलेल्या, म्हणजे हिशेबाने एकच तार. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने प्लास्टिकच्या तुकड्याने झपाझप छेडायचं. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माझ्यासारख्याला तर हे वाद्य जवळचं वाटायलाच हवं.

माझे मामा हाच वाजवायचे. त्यांच्या पार्टीला लग्नसराईत पाचोरा, पारोळा, एरंडोलपर्यंत ऑर्डरी असायच्या. मागच्या दिवाळीत त्यांना लॅपटॉपवर मिसिरलू ऐकवलं. डोळे मिटून अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "हाऊ ते भैरव शे रे भाऊ." मग माळ्यावरून बेंजो काढला. एका बटणाखाली स्प्रिंग नव्हती, तिथे बॉलपेनची बसवली. तिसऱ्या प्रयत्नात मिसिरलू भडगावात हजर! वेग डेलचा नव्हता. मामा सत्तरीचे आहेत. पण दोन सुरांमधली मींड डेलपेक्षा सरस होती (हा भाच्याचा पक्षपात समजा).

मग त्यांचा पहिला प्रश्न, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर कोणता? अगदी नेमका प्रश्न. डेलच्या आवाजाला पुरेल असा अ‍ॅम्प्लिफायर तेव्हा नव्हताच. तो एकामागून एक जाळत गेला आणि लिओ फेंडर नवे बनवून देत गेला, त्यातून शंभर वॅटचा शोमॅन आणि त्याला साजेसा पंधरा इंची स्पीकर आला. पुढच्या रॉकवाल्यांना मोठा आवाज आयता मिळाला. मामा म्हणाले, आमचे भोंगे जळायचे तेव्हा पैसे आमच्याच खिशातून जायचे.

मुंबईच्या सिनेमातही हा धक्का लवकर पोचला होता. 'गुमनाम' (१९६५) मधलं 'जान पहचान हो' आठवा. पडद्यावर टेड लायन्स आणि त्याचे कब्ज, संगीत शंकर-जयकिशन यांचं. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी सिनेमाची सुरुवातच त्या गाण्याने झाली आणि तिकडच्यांना ते नव्याने सापडलं. बेंजोवाल्यांच्या वाट्याला आला २०१६ चा 'बँजो', रवी जाधवांचा. तो फारसा चालला नाही.

डिक डेल २०१९ मध्ये गेला. कॅन्सरशी झुंजत, औषधाच्या बिलांसाठी तो अगदी शेवटपर्यंत दौरे करत होता, हे वाचून वाईट वाटलं होतं. मामांच्या पार्टीतला ढोलकीवाला आता रिक्षा चालवतो, कॅशियोवाला डीजेच्या गाडीवर आहे. बेंजो विकायचा का, असं मामींनी दोनदा विचारलंय. मामा उत्तर देत नाहीत. मी पुण्याहून तारांचे दोन सेट आणि खऱ्या स्प्रिंगा पाठवल्यात. पोचल्या का विचारायला फोन केला, तर पलीकडून बोलण्याऐवजी मिसिरलूच सुरू झालं. सुरुवात अजून जरा संथ आहे.