तेरा हजार किलोमीटर आणि अठ्ठावीस तास

कोठीत स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना पूर्वी लांबचा प्रवास म्हटला की काचीगुड्याचे स्टेशन आठवे. रात्री गाडीत बसावे आणि दिवस उजाडल्यावर परभणी, जालना किंवा मनमाडकडच्या आप्तांच्या दारी उतरावे. आता घरोघरची मुले समुद्रापलीकडे आहेत, आणि वडीलधाऱ्यांना विमानतळांची अंतरे तोंडपाठ झाली आहेत.

हैदराबाद आणि शिकागो या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 13,300 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात ही वाट पश्चिमेकडे जाते असे वाटते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा, तर तो उत्तरेकडे चढत ध्रुवप्रदेशावरून पलीकडे उतरतो. 2021 च्या जानेवारीत एअर इंडियाने या मार्गावर कोठेही न थांबणारे विमान सुरू केले होते. तो प्रवास सुमारे सोळा तासांचा. लंडनमार्गे जावे तर दोन्ही टप्पे मिळून 14,100 किलोमीटर होतात. वाढ अवघी आठशे किलोमीटरांची. पण लंडनला विमान बदलण्यात तासन्‌तास जातात. शिवाय मार्च 2008 पर्यंत बेगमपेठला असलेला आपला विमानतळ शमशाबादला गेल्यापासून कोठीहून तेथे पोहोचण्याचा वेळही हिशेबात धरावा लागतो. त्या वाटेवरील उड्डाणमार्गाला पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे तेच.

या सर्व हिशेबाची खरी निकड आम्हांस एका मार्गशीर्षात कळली. आमचे थोरले बंधू पहाटे गेले. येथे सकाळचे सहा, शिकागोस आदल्या संध्याकाळचे साडेसहा. एकुलती एक लेक तेथे. तिकीट दुसऱ्या दिवशीचे मिळत होते. त्यापुढे घरापासून घरापर्यंत अठ्ठावीस तास. जमलेली मंडळी हलक्या आवाजात एकच विचारीत होती, ‘थांबायचे का?’ कोणी बर्फाची व्यवस्था सुचवीत होते, कोणी शास्त्राधार. फोनवर लेक म्हणत होती, ‘काका, मी येईपर्यंत थांबा ना!’ आमच्या तोंडून शब्द फुटेना.

अखेर वहिनींनी फोन हाती घेतला. म्हणाल्या, “बाळ, धावपळ करून येऊ नकोस. आज तेथेच दिवा लाव. अस्थी तुझ्यासाठी राखून ठेवते.” त्याच दुपारी सारे उरकले. पाचव्या दिवशी लेक आली, आणि काचीगुड्याहून गाडीने आम्ही नांदेडला गेलो. गोदावरीत अस्थी तिनेच सोडल्या.

वाचकहो, अशी वेळ आली म्हणजे निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडतो, ती माणसे आधीच खचलेली असतात. म्हणून आम्हां उभयतांनी आपली इच्छा लिहून कपाटात ठेवली आहे आणि मुलांना वाचूनही दाखविली आहे: कोणासाठी थांबू नये, आणि पोहोचता न आलेल्याने मनाला लावून घेऊ नये. वाचताना मुलगा रागावला, सून रडली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने स्वतः फोन करून विचारले, “बाबा, तो कागद कोणत्या खणात ठेवला आहे?”