बाहेर, पण मोजणीत

स्टाफरूममध्ये नवीन बदलून आलेले सर किंवा मॅडम जरा ओळखीचे झाले की चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच. "तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?" विचारण्यात वाईट हेतू नसतो. मी सांगते, चालतो, पण घरात नाही, बाहेर. उत्तर बरोबरच असतं. तरी अलीकडे ते देताना मी अडखळते. कारण आपल्या मोहल्ल्यांमध्ये या 'बाहेर'चा अर्थ फार बदलला आहे आणि त्याबद्दल आपण आपसात कधी बोलत नाही.

आधी धर्माचं बघू, कारण आपल्याकडे विषय तिथूनच सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. कुत्र्याची लाळ नापाक, हे आपल्या घरातलं लहान मूलही सांगेल. कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवावं, त्यात एकदा मातीने, असं हदीसमध्ये आलं आहे. तपशिलात इमामांचे मतभेद आहेत. कोकणातले आपले लोक बहुतेक शाफई, त्यांच्याकडे अख्खा कुत्राच नापाक धरतात. घाटावर आपण बहुतेक हनफी, आपल्याकडे लाळ नापाक, पण कुत्र्याचं कोरडं अंग लागलं तर कपडे नापाक होत नाहीत. इमाम मालिक यांच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच आहे. आणि कुत्र्याला नुसता हात लागला म्हणून वुजू तुटत नाही. लाळ लागली तर तेवढी जागा धुवायची, एवढंच.

पाळण्याचं म्हणाल तर शेत, गुरंढोरं आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवायला परवानगी आहे. राखणीचा कुत्राही बऱ्याच उलमांनी त्यातच धरला आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार खायला हरकत नाही, हे सूरह माइदामध्ये आलं आहे. म्हणजे कुत्रा आणि आपण यांच्यात एक अंतर ठेवलेलं आहे, पण नातं तोडलेलं नाही.

हे अंतर पूर्वी सहज पाळलं जायचं. माझ्या नानांचा गावाबाहेर मळा होता आणि मळ्यावर एक काळा कुत्रा होता. तो कधी उंबरठ्याच्या आत आला नाही. नानी दारातूनच त्याला भाकरी टाकायची, त्याची मातीची परात वेगळी असायची. पण तो मोकळा होता. थंडीत कडब्याच्या गंजीत शिरायचा. उन्हाळ्यात पाटाच्या कडेची ओली माती उकरून त्यात पोट टेकून पडायचा. तहान लागली की गुरांच्या हौदावर जायचा. नानांनी त्याला कधी कुरवाळलेलं मी पाहिलं नाही, पण त्याला काही कमीही पडलं नाही. त्याचं त्याला बघता येत होतं, म्हणून नानांना फारसं बघावं लागत नव्हतं.

उर्दूच्या तासाला प्रेमचंदांची 'पूस की रात' शिकवताना मला हा मळा आठवतो. हल्कू आणि त्याचा कुत्रा जबरा, पौषाच्या थंडीत शेत राखायला बसलेले. थंडी सोसवेना तेव्हा हल्कू त्या वास मारणाऱ्या कुत्र्याला मांडीशी ओढून घेतो. नीलगाई आल्या की जबरा अंधारात धावून जातो, भुंकत राहतो. त्या गोष्टीत गरिबी आहे, कर्ज आहे, उद्ध्वस्त झालेलं शेत आहे, पण जबऱ्याच्या गळ्यात साखळी नाही.

आता आपलं 'बाहेर' कुठे आहे बघा. सहाशे-आठशे चौरस फुटांचा प्लॉट, भिंतीला भिंत लागलेली घरं. 'बाहेर' म्हणजे फाटक आणि जिना यांच्यामधली चार फुटांची पट्टी. तिथेच मोटारसायकल, तिथेच पाण्याची टाकी, तिथेच रिकामं सिलिंडर. नाहीतर मग गच्चीवरचं पत्र्याचं शेड. कुत्रा मोकळा सोडावा तर रस्त्यावर रिक्षा आणि टेम्पो, कोणाला चावला तर भांडण. आत घ्यायचा नाही, बाहेर सोडायचा नाही. राहते ती साखळी. पूर्वी रात्री सोडून दिवसा बांधायचे, आता कित्येक घरांत ती साखळी निघतच नाही.

साखळीवरचं आयुष्य कसं असतं, हे ये-जा करताना आपल्या लक्षात येत नाही. जरा थांबून बघा. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी बाराला उन्हात असतो, कारण सावली सरकते, साखळी सरकत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो काही येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि त्यासाठी त्याला पाणी आणि हवा लागते. आमच्या सोलापूरकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी पत्र्याखाली कोंडलेल्या कुत्र्याचं पाण्याचं भांडं एकदा लवंडलं की धापा टाकूनही त्याचं अंग थंड होत नाही. तो जिथे खातो, तिथेच त्याला घाण करावी लागते, तिथेच झोपावं लागतं. गोचिडी होतात आणि गोचिडीतून ताप येतो. पिल्लू असताना घातलेला पट्टा वर्षभरात गळ्यात रुतायला लागतो, केसांमुळे जखम दिसत नाही, वास आला की कळतं. आणि असा कुत्रा चिडका होतो. त्याला पळून जाता येत नाही, म्हणून तो अंगावर येतो. मग आपण म्हणतो, हा फार डेंजर आहे, याला सोडू नका.

एका घराबद्दल लिहिते. नावं लिहीत नाही, कारण ती माणसं चांगली आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. आमच्याच गल्लीतलं, नमाज-रोजाचं पाबंद घर. मुलाच्या हट्टापायी एक लॅब्राडॉरचं पिल्लू आलं. सुरुवातीला गल्लीतली सगळी पोरं त्याला घेऊन हिंडायची. सहा महिन्यांत ते मोठं झालं, अंगावर उड्या मारायला लागलं. दादींचा पाच वेळच्या नमाजचा कपडा, त्यावर लाळ लागायला नको, म्हणून त्याला जिन्याखाली बांधलं. मुलगा दहावीत गेला, क्लास सुरू झाले, फिरवणं बंद झालं. भाकरी मात्र दादी न चुकता टाकायच्या. मी एकदा-दोनदा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजी, कुत्ता है, बाहरीच अच्छा. उसकू क्या कमी है?"

मे महिन्यात सगळं घर दुसऱ्या गावी निकाहला गेलं. दोनच दिवसांचा प्रश्न होता. त्यांनी भाकऱ्यांचा ढीग ठेवला, पाण्याची भरलेली बादली ठेवली आणि फाटकाला कुलूप लावलं. साखळी मोटारसायकलच्या चाकात गुंतली आणि त्या ओढाताणीत बादली लवंडली. मी तेव्हा माहेरी होते, परत आल्यावर कळलं. शेजारी सांगत होते, पहिल्या दिवशी खूप भुंकला, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आवाज बंद झाला. त्यांना वाटलं, झोपला असेल.

नंतर महिनाभराने दादी स्वतःहून माझ्याकडे आल्या. मी आलिमा नाही, साधी बी.एड. झालेली शिक्षिका आहे, पण गल्लीत सगळे मलाच विचारतात. त्यांनी विचारलं, "बाजी, मेरे से इसका हिसाब होगा क्या?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचा मला अधिकार नाही. पण त्यांनी हा प्रश्न विचारला, हेच मला मोठं वाटलं. कारण इतकी वर्षं आपण कुत्र्याबद्दल एकच प्रश्न विचारत आलो, पाक की नापाक. दादींनी दुसरा प्रश्न विचारला.

त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आपल्या परंपरेत भरपूर सांगितलेलं आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका बाईची हकीकत आहे, तिला एका मांजरीपायी शिक्षा झाली. तिने मांजरीला मारहाण केली असं त्यात नाही. तिने तिला कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या शोधून खाण्यासाठी सोडलंही नाही. मला यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोकळ्या प्राण्याची उपजीविका अल्लाहने जमिनीवर पसरून ठेवली आहे, ती त्याची तो शोधतो. आपण त्याला बांधतो तेव्हा त्याच्या आणि त्या उपजीविकेच्या मध्ये उभे राहतो. त्या क्षणापासून त्याचं पाणी, त्याची सावली, त्याचं चालणं-फिरणं, सगळं आपल्या खात्यावर चढतं. नानांचा कुत्रा आणि जिन्याखालचा कुत्रा यांत फरक आहे तो हा.

दुसरी हकीकत तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. तहानलेला वाटसरू विहिरीत उतरून पाणी पितो, वर येतो तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटतो आहे. तो पुन्हा उतरतो, चामड्याच्या मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. त्याला माफी मिळते. हा पायातला मोजा होता आणि तो त्याने तोंडात धरला होता, हे लक्षात घ्या. पाक-नापाकचे नियम शिकवणाऱ्या त्याच परंपरेने ही हकीकतही जपली आहे. दादींना मी शेवटी हीच सांगितली. मराठीच्या तासाला मी हिच्याच जोडीला संत नामदेवांची गोष्ट सांगते. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. दोन्ही गोष्टी ऐकल्या की मुलं विचारतात, "टीचर, मग कुत्र्याला काय मिळालं?" मोठी माणसं विचारतात, माणसाला काय मिळालं.

आणि सूरह कहफ. आपल्यापैकी कितीतरी जण दर जुम्म्याला ती वाचतात. गुहेत झोपलेले ते तरुण आणि त्यांचा कुत्रा, उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. ते किती जण होते, याबद्दल लोक काय काय म्हणतील, तेही तिथे आलं आहे. तीन आणि चौथा कुत्रा, पाच आणि सहावा कुत्रा, सात आणि आठवा कुत्रा. आकडा बदलतो, पण दर वेळी कुत्रा मोजला जातो. तो आत नव्हता, दारातच होता, तरी मोजणीत होता. मला वाटतं, आपल्या सगळ्या वादाचं उत्तर या एका जागेत आहे.

इथे बिगरमुस्लिम वाचकही येतात, त्यांच्यासाठी एक सांगते. साखळी ही फक्त आमच्या मोहल्ल्याची गोष्ट नाही. माझ्या शाळेच्या वाटेवर बंगल्यांची कॉलनी आहे, तिथे धर्माची अडचण नाही आणि हस्की, जर्मन शेफर्ड साखळीलाच आहेत. ज्याचं मूळ सायबेरियाच्या बर्फात आहे, तो हस्की आमच्या उन्हात. आपल्याच दख्खनचा कारवान कुत्रा, ज्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात आणि ज्याच्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं, तो तर जन्माचा धावणारा. त्यालाही लोक हौसेने आणतात आणि खांबाला बांधतात. कोणी सोवळ्याचं कारण सांगतं, कोणी नव्या फरशीचं, कोणी वेळेचं.

कायदाही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याचा व्यायाम न देणं, हाही मालकाचा गुन्हा म्हणून वेगळा लिहिला आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हाही. पण त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात कुत्र्याची साखळीसुद्धा येत नाही. तेव्हा कायद्याच्या भीतीने कोणी बदलेल, अशी आशा मला नाही. हिशेबाच्या भीतीने बदलेल, अशी आहे.

बदलायचं म्हणजे फार काही नाही. कुत्रा बाहेरच ठेवा, त्याची परात वेगळीच ठेवा. पण पाणी जड पसरट भांड्यात ठेवा, लवंडणार नाही असं, आणि दुपारी एकदा बघा. जागा अशी निवडा की चार वाजताही सावली असेल. फजरनंतर अर्धा तास आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास त्याला फिरवा, आणि ते काम घरात एका माणसाच्या नावावर ठेवा. "सगळे बघतील" म्हटलं की कोणीच बघत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जातात का, हे महिन्यातून एकदा तपासा. रेबीजची लस दर वर्षी टोचा. घर बंद करून जायचं असेल तर किल्ली शेजाऱ्याकडे द्या, नुसता भाकऱ्यांचा ढीग ठेवू नका. आणि एवढं जमणार नसेल तर मुलाचा हट्ट मोडा, पिल्लू आणू नका. न पाळण्याबद्दल कोणी विचारणार नाही.

दादींच्या घरी आता कुत्रा नाही. पण फाटकाबाहेर त्यांनी एक मातीची परात ठेवली आहे. गल्लीतली मोकळी कुत्री येतात, पाणी पितात, निघून जातात. सात वेळा धुवायचा प्रश्न येत नाही, ती परात त्यांचीच आहे. तुमच्या दारातही तेवढी जागा असेल.